तापी खोल वाहते: जळगाव जिल्ह्याची ओळख

जळगाव जिल्ह्याच्या मधोमध तापी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगा आणि मधल्या पट्ट्यात काळीभोर सपाट जमीन, अशी या जिल्ह्याची ठेवण आहे. मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात मुलताईजवळ उगम पावलेली ही नदी ७२४ किलोमीटर वाहत जाऊन सुरतेपाशी खंबातच्या आखाताला मिळते. दख्खनच्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेकडे उतरतात. तापी आणि नर्मदा मात्र पश्चिमेची वाट धरतात, कारण त्या खचदरीतून वाहतात. दोन भेगांच्या मधली जमीन फार पूर्वी खाली बसली, त्या खळग्यात नद्यांनी लाखो वर्षे गाळ आणून टाकला आणि त्याच गाळात तापीने पुढे आपले पात्र कोरले.

जिल्ह्याची शेती आणि बरेचसे उद्योगही या कोरण्यातून समजतात. गाळ मऊ असल्याने नदी खोल गेली. काठ उंच राहिले आणि त्यांना जागोजागी घळी पडल्या. पावसाळा सोडला तर शेताच्या बांधावर उभे राहून पाहिले की पाणी बरेच खाली, दरडीच्या तळाशी चमकताना दिसते. नदीला पाट काढून पाणी आपोआप शेतात येईल, अशी सोय इथे निसर्गाने ठेवलेली नाही. त्यामुळे नदीकाठ असूनही या जिल्ह्याची शेती पिढ्यान्‌पिढ्या विहिरीवर, म्हणजे पाणी उपसण्यावर उभी राहिली. आधी मोट आली, मग तेलावरचे इंजिन, मग विजेची मोटार, मग शेकडो फूट खोल बोअर आणि शेवटी ठिबकच्या नळ्या. यातल्या प्रत्येक टप्प्याने पिके बदलली, आणि पिकांच्या मागोमाग कारखाने आले.

इंग्रजी अमदानीत खानदेश हा एकच मोठा जिल्हा होता. १९०६ मध्ये त्याचे दोन भाग झाले. पूर्व खानदेशचे ठाणे जळगाव झाले आणि पश्चिम खानदेशचे धुळे. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्ये पूर्व खानदेशाला जळगाव जिल्हा हे नाव मिळाले. आज जिल्ह्यात १५ तालुके आहेत, क्षेत्रफळ ११,७६५ चौरस किलोमीटर आहे आणि २०११च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या ४२ लाख ३० हजारांच्या आसपास. खानदेश हे नाव फारुकी घराण्याच्या ‘खान’ या किताबावरून पडले असे बहुतेक इतिहासकार सांगतात. कान्हदेशाशी किंवा यादवकालीन सेऊणदेशाशी ते जोडणारेही आहेत. माणसे मात्र नावाची फारशी चर्चा करीत नाहीत. लेवा आणि तावडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, त्यामुळे खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी जळगावसुद्धा ‘जयगाव’ असते. पश्चिमेकडे, अमळनेर-चाळीसगावच्या बाजूला, अहिराणी ऐकू येते. सातपुड्याच्या पायथ्याला तडवी आणि पावरा वस्ती आहे.

तापी जिल्ह्यात येते ती बऱ्हाणपूरकडून. उजव्या हाताला रावेर तालुका आणि डाव्या हाताला मुक्ताईनगर. रावेर, यावल आणि चोपडा हे सातपुड्याच्या पायथ्याचे तीन तालुके म्हणजे जिल्ह्याचा केळीपट्टा. डोंगरातून उतरणाऱ्या सुकी, मोर, गुळी अशा लहान नद्यांनी पायथ्याशी दगडगोट्यांचा आणि वाळूचा जाड थर टाकला आहे. पावसाचे पाणी या थरात मुरते आणि भूगर्भातून हळूहळू तापीच्या बाजूला सरकते. वरच्या बाजूला विहीर खणली की हेच पाणी लागते. सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या पुढे जाणारा पारा, अशा मुलखात केळीसारखे तहानलेले पीक टिकले ते या जमिनीखालच्या पाण्यामुळे.

केळीच्या लागवडीचे इथे दोन हंगाम आहेत. जून-जुलैत लावतात तो मृग बाग आणि पावसाळा संपता संपता लावतात तो कांदे बाग. पूर्वी कंद लावीत, बसराई आणि श्रीमंती या जाती होत्या आणि घड हाती यायला दीड वर्ष लागे. ग्रँड नैन जातीची ऊतिसंवर्धित रोपे आली तेव्हा हाच काळ साधारण वर्षभरावर आला, घड भरदार झाले आणि एकाच वेळी कापणीला येऊ लागले. मुख्य झाड कापल्यावर बुडाशी ठेवलेल्या एका पिलावर पुढचे पीक घेतात, त्याला खोडवा म्हणतात.

हे पीक जेवढे पैसे देते तेवढीच झोप उडवते. डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या खाली गेला की बागेला चरका बसतो. पाने पिवळी पडतात आणि घड खोडातच अडकून बसतो. मे महिन्यातल्या गरम वाऱ्याने पाने फाटून चिंध्या होतात, म्हणून बागेच्या कडेला शेवरी किंवा गजराज गवत दाट लावून आडोसा करतात. पावसाळ्यात करपा येतो. कुकुंबर मोझॅक विषाणूने पानांवर पिवळे पट्टे आले की शेतकरी त्याला हरण्या म्हणतात, आणि असे झाड उपटून लांब नेऊन गाडण्याखेरीज उपाय नसतो. सर्वांत वाईट ते जूनच्या तोंडावरचे वादळ. घड भरलेले झाड वरून जड झालेले असते. अर्ध्या तासाच्या वाऱ्यात आडवी झालेली बाग पुन्हा उभी करता येत नाही आणि अर्धवट भरलेला घड कोणी घेत नाही.

कापणी सकाळी लवकर सुरू होते. एकजण खोडाला कोयत्याचा बेताचा घाव घालतो, झाड हळूच वाकते आणि दुसऱ्याच्या खांद्यावर घड अलगद उतरतो. खांद्यावर गोणपाट किंवा पानांची चुंबळ असते, कारण फळाला ओरखडा गेला की पिकल्यावर तिथे काळा डाग पडतो. दांडा कापताना चीक उडतो. तो वाळला की कपड्यावर काळपट पडतो आणि कशानेही जात नाही, त्यामुळे केळी कापणाऱ्या मजुराचा सदरा गर्दीतही ओळखू येतो. वीस-पंचवीस किलोचे घड वाफ्यांतून वाहत रस्त्यापर्यंत आणायचे, मोजायचे आणि ट्रकमध्ये पाने अंथरून रचायचे. परदेशी जाणाऱ्या मालाच्या मात्र शेतावरच फण्या उतरवतात, धुतात आणि खोक्यांत भरतात.

भावाचा हिशेब जिल्ह्याबाहेर होतो. रावेरचा शेतकरी सकाळी बऱ्हाणपूरच्या बाजार समितीत काय बोली लागली ते आधी पाहतो. सावदा, निंभोरा, रावेर ही लहान रेल्वे स्थानके दिल्लीकडे जाणाऱ्या केळीच्या वाघिणींसाठी प्रसिद्ध होती. पुढे बराच माल ट्रकांवर गेला. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीच्या शेतकरी गटाने त्यासाठी खटपट केली होती. मानांकनाने नाव झाले, पण रोजचा भाव ठरवण्याची ताकद त्यात नाही. केळी साठवून ठेवता येत नाही, आणि ही गोष्ट व्यापाऱ्याला शेतकऱ्याइतकीच ठाऊक असते.

यावल-रावेरच्या ज्या थरात पाणी मुरते, त्यातून गेल्या काही दशकांत मुरण्यापेक्षा जास्त पाणी उपसले गेले. विहिरी कोरड्या पडल्या, बोअर खोल खोल गेले. जमिनीखालच्या या मोठ्या टाकीत तापीचे पुराचे पाणी वळवून मुरवायचे, अशी ‘मेगा रिचार्ज’ योजना अनेक वर्षे चर्चेत होती. १० मे २०२५ रोजी भोपाळमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी तिच्या करारावर सह्या केल्या. धरणात पाणी साठवण्यापेक्षा जमिनीत साठवणे इथे शहाणपणाचे आहे, कारण उन्हाळ्यात उघड्या पाण्याची वाफ होते ती प्रचंड.

याच केळीपट्ट्यातले फैजपूर राजकीय इतिहासात ओळखले जाते. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन इथे भरले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. खेड्यात भरलेले हे काँग्रेसचे पहिलेच अधिवेशन. गांधीजींच्या आग्रहाने मंडप बांबू आणि गवतापासून उभारला होता, आणि सजावट नंदलाल बोस यांनी केली.

मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेवपाशी पूर्णा तापीला मिळते. संगमावर चांगदेवांचे जुने दगडी देऊळ आहे, जवळच कोथळी-मेहूणला मुक्ताबाईचे स्थान. आषाढीला इथून मुक्ताबाईची पालखी पंढरपुरास निघते, आणि लांबच्या वाटेने जाणाऱ्या मानाच्या पालख्यांत ती गणली जाते. संगमाच्या खालच्या अंगाला हतनूरचे धरण आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्ण झालेल्या या धरणाला ४१ दरवाजे आहेत आणि पावसाळ्यात त्यांतले किती उघडले ही वर्तमानपत्रांची नेहमीची बातमी असते. उजव्या कालव्याने रावेर, यावल आणि चोपडा तालुक्यांच्या काही भागाला पाणी मिळते. मात्र पूर्णा आणि तापी दोघी विदर्भ-निमाडची माती घेऊन येतात, आणि धरणाची कितीतरी जागा या गाळानेच व्यापली आहे.

हतनूरच्या पाण्यावर हक्क सांगणारे शेतकऱ्यांशिवाय आणखी बरेच आहेत, आणि ते बहुतेक भुसावळच्या आसपास आहेत. १८६०च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे इथे पोचली. एक फाटा नागपूरकडे आणि दुसरा जबलपूरकडे निघाला आणि १८७० मध्ये मुंबई-कोलकाता मार्ग जोडला गेला. खेडेवजा भुसावळ पाहता पाहता जंक्शन झाले. आजही हे मध्य रेल्वेच्या विभागाचे मुख्य ठिकाण आहे आणि विद्युत इंजिनांची दुरुस्ती इथल्या कारखान्यात होते. अँग्लो-इंडियन गार्ड, तमीळ फायरमन, उत्तरेकडचे कारकून आणि खानदेशी हमाल अशी मिसळ या गावात झाली. आजूबाजूच्या तालुक्यांत दिसत नाही असा हा प्रकार आहे.

रेल्वेमुळे कोळसा आणणे सोपे झाले आणि तापीमुळे पाणी. म्हणून दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र इथे आले. त्याचा पहिला संच १९६८ मध्ये सुरू झाला. तो छोटा होता. पुढे २१० मेगावॅटचे दोन आणि त्यानंतर ५०० मेगावॅटचे दोन संच उभे राहिले. भुसावळची आयुध निर्माणी १९४९ची आणि वरणगावची १९६४ची. समुद्रापासून दूर आणि सीमेपासून दूर असलेले हे ठिकाण संरक्षण खात्याला सोयीचे वाटले असावे. धुराड्यांच्या सावलीतल्या गावांना नोकऱ्या मिळाल्या, त्याबरोबर राखही मिळाली. कोरड्या वाऱ्यात उडणारी ती राख कपाशीच्या पानांवर बसते, ही तक्रार जुनी आहे.

भुसावळच्या पश्चिमेला वाघूर नदी तापीकडे येते. अजिंठ्याची लेणी जिच्या घोड्याच्या नालेसारख्या वळणावर कोरली आहेत, ती हीच नदी. तिच्यावरचे धरण जळगाव शहराची तहान भागवते. जळगाव शहर मात्र तापीच्या काठावर नाही, नदीपासून काही कोसांवर दक्षिणेला आहे. ते वाढले ते रेल्वे आणि कापसामुळे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेना आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास लोहमार्ग पोचल्याने गाठी मुंबईच्या बंदराला जाऊ लागल्या. १८७०च्या दशकात मुंबईच्या मूळजी जेठा यांच्या पुढाकाराने जळगावात खानदेश मिल सुरू झाली. विसाव्या शतकाच्या तोंडावर सुरतेकडून येणारा ताप्ती व्हॅली रेल्वेचा मार्ग अमळनेरला जोडला गेला आणि कापसाला दुसरी वाट मिळाली.

कापूस अजूनही जिल्ह्यात सर्वाधिक शेतांत दिसणारे पीक आहे, विशेषतः जामनेर, पारोळा, एरंडोल, धरणगाव भागात. ज्यांच्याकडे पाणी आणि ठिबक आहे ते पावसाची वाट न पाहता मे महिन्याच्या अखेरीस लावतात. त्याला पूर्वहंगामी कापूस म्हणतात. जिनिंगमध्ये एक क्विंटल कापसातून साधारण तिसरा हिस्सा रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. रुईच्या १७० किलोच्या गाठी बांधतात, सरकीचे तेल काढतात आणि पेंड गुरांच्या दावणीला जाते. बीटी बियाणे २००२ नंतर आले तेव्हा फवारणी कमी झाली. पुढे गुलाबी बोंडअळीने त्याला दाद देणे सोडले. २०१७च्या हंगामात तिने घातलेला धुमाकूळ शेतकरी अजून विसरलेले नाहीत.

कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या काड्या, म्हणजे पऱ्हाट्या, हिवाळ्यात एका खास कामाला येतात. बामणोद, असोदे या बाजूची मोठी, फिकट हिरवी, बिया कमी असलेली वांगी शेतातच पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजायची, साल काढून लाकडी भांड्यात ठेचायची आणि हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात घालून फोडणी द्यायची. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेले पीठ. डिसेंबर-जानेवारीत शेताशेतांवर भरीत पार्ट्या चालतात. या भरिताच्या वांग्यालाही भौगोलिक मानांकन आहे. गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती चव येत नाही, असे खानदेशी माणूस ठामपणे सांगतो, आणि ते खरे आहे. असोदे हे बहिणाबाई चौधरी यांचे माहेर. त्यांच्या नावाने आता जळगावचे विद्यापीठ आहे. १९९० मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ म्हणून ते सुरू झाले आणि २०१८ मध्ये त्याला त्यांचे नाव मिळाले.

शहराच्या औद्योगिक वसाहतीत डाळ मिल, तेल गिरण्या, प्लास्टिकच्या चटया आणि पीव्हीसी पाइप हे चार प्रकार मुख्य. तूर आणि हरभरा जिल्ह्यात आणि शेजारच्या विदर्भ-मराठवाड्यात पिकतो, तो इथे भरडला जातो. सराफ बाजाराचे नाव लांबवर आहे. लग्नाचे सोने घ्यायला शेजारच्या जिल्ह्यांतूनही माणसे जळगावला येतात, कारण इथल्या सोन्याच्या शुद्धतेवर त्यांचा भरवसा पिढीजात आहे.

पाइपची गोष्ट पाण्याच्या उपशाशी सरळ जोडलेली आहे. वाकोद या जामनेर तालुक्यातल्या गावचे भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये जळगावात रॉकेल विक्रीपासून सुरुवात केली. पुढे खते, बियाणे, इंजिने विकली. १९७८ मध्ये त्यांनी केळीची भुकटी करणारा बंद पडलेला कारखाना तीस लाख रुपयांना घेतला आणि तिथे पपईच्या चिकापासून पपेन करायला घेतले. १९८० मध्ये पीव्हीसी पाइप आले. दशकाच्या अखेरीस ठिबक सिंचन, त्यानंतर केळीची ऊतिसंवर्धित रोपे. ज्या जिल्ह्यात पाणी खोलातून ओढून आणावे लागते, तिथे त्याचा थेंब थेंब मोजून देणाऱ्या नळीला गिऱ्हाईक शोधावे लागले नाही. केळीच्या बागेत पाटाने पाणी देण्याचे दिवस त्यानंतर झपाट्याने सरले. रात्रीच वीज येण्याच्या वेळापत्रकाने शेतकऱ्याला अंधारात विहिरीवर जावे लागते, ते मात्र अजून सरलेले नाही.

जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राचे एक काम याहून लांब पोचले. १९७०च्या दशकाच्या अखेरीस तिथे निवडलेला ‘जेएल २४’ हा भुईमूग, ज्याला फुले प्रगती म्हणतात, शंभर दिवसांच्या आत-बाहेर तयार होतो. नावातली ‘जेएल’ ही अक्षरे जळगावची. कमी पावसाच्या आफ्रिकी देशांना असाच वाण हवा होता. झांबियात तो ‘लुएना’ आणि मलावीत ‘काकोमा’ या नावाने प्रसारित झाला. जळगावातल्या किती लोकांना हे ठाऊक असेल, हा प्रश्नच आहे.

दक्षिणेकडून येणारी गिरणा जळगावच्या पश्चिमेला तापीत मिसळते. सह्याद्रीत उगम पावून मालेगाव, चाळीसगाव, भडगाव, पाचोरा असा प्रवास करणारी ही नदी जिल्ह्याच्या दक्षिण अर्ध्या भागाची मुख्य नदी. तिचे धरण मात्र नाशिक जिल्ह्यात, नांदगाव तालुक्यात आहे. ते १९६९ मध्ये पूर्ण झाले. खाली जामद्याचा ब्रिटिशकालीन बंधारा आणि त्याचे कालवे. धरणातून आवर्तन केव्हा सुटणार, यावर पाचोरा-भडगावच्या लिंबू, कापूस आणि मक्याचा हंगाम हलतो. नदीत पाणी धरून ठेवायला सात ‘बलून बंधारे’ बांधायची योजना कित्येक निवडणुकांतून ऐकू येत आहे. पाचोऱ्याहून जामनेरला जाणारी अरुंद रुळांची गाडी, जिला सगळे ‘पीजे’ म्हणत, २०२० पर्यंत याच मुलखातून रमतगमत धावत असे.

आणखी पश्चिमेला, तापीच्या दक्षिण काठच्या बाजूला अमळनेर. इथे प्रतापशेठांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कापड गिरणी काढली आणि १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. गिरणीमालकाने वेदान्ताच्या अभ्यासासाठी संस्था काढावी हे नवलच. त्यांच्याच नावाच्या शाळेत साने गुरुजी शिकवत. २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हशम प्रेमजी यांनी अमळनेरच्या शेंगदाण्यावर डोळा ठेवून वनस्पती तुपाची कंपनी नोंदवली. ‘सनफ्लॉवर’ तूप आणि ‘७८७’ साबण हा तिचा माल. १९६६ मध्ये वडील वारल्यावर एकवीस वर्षांच्या अझीम प्रेमजी यांनी ती हाती घेतली, आणि तीच पुढे विप्रो झाली. गावातल्या ज्या दुकानदारांनी आणि शेतकऱ्यांनी सुरुवातीचे समभाग कपाटात तसेच ठेवले, त्यांची घरे त्यावर उभी राहिली. मुलीच्या लग्नासाठी ते लवकर विकून टाकणाऱ्यांची हळहळही अमळनेरात ऐकायला मिळते.

चोपडा आणि अमळनेर यांच्या मधल्या नदीकाठी खोल काळ्या मातीत दादर पिकते. ही रब्बीची ज्वारी पाणी न देता, जमिनीतल्या ओलीवर वाढते. दाणा टपोरा, भाकरी पांढरीशुभ्र, आणि कडबा गुरांना आवडणारा. अमळनेर तालुक्यातच पाडळसे इथे तापीवर निम्न तापी प्रकल्पाचे काम १९९०च्या दशकात मंजूर झाले. बंधारा बांधून झाला तरी पाणी पुन्हा उपसूनच काठावर चढवावे लागणार आहे, म्हणून या योजनेत उपसा सिंचनाची जोड आहे. मंजुरीनंतर जन्मलेली मुले आता बापाबरोबर शेती करतात, बंधारा मात्र अजून अपुरा आहे. त्याच्या अर्धवट खांबांमधून पुराचे पाणी मोकळे निघते आणि धुळे जिल्ह्यात शिरते.